विश्लेषण : ग्राहकासाठी जगातील सर्वात वेगवान संगणक बांधणारे सेमूर क्रे कोण होते? त्यांचे कोणते धडे आजही लागू पडतात?

थ्रीडी रेंडरिंग, चित्रपटांचे व्हीएफएक्स किंवा पुलाच्या आराखड्याची आकडेमोड अशा कामांसाठी एखाद्या कंपनीला खास वर्कस्टेशन जोडून हवे असेल, तर मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरचा जाणकार विक्रेता किंमत सांगण्याआधी काही प्रश्न विचारतो. काम नेमके कोणते? मेमरी किती, आणि ती चुका दुरुस्त करणारी हवी का? उष्णता कशी बाहेर काढायची? वीज किती लागेल? एकाच तगड्या प्रोसेसरने काम होईल, की अनेक कोअर हवेत?

हे सगळे प्रश्न साठ वर्षांपूर्वी, खोलीभर आकाराच्या आणि कोट्यवधी रुपयांच्या यंत्रांबाबत एक अमेरिकी अभियंता सोडवत होता. त्यांचे नाव सेमूर क्रे. महासंगणक म्हटला की जाणकारांच्या तोंडी आजही हेच नाव येते. त्यांनी बांधलेल्या यंत्रांवर अण्वस्त्रांची गणिते झाली आणि हवामानाचे अंदाज निघाले. त्यांच्या कारकीर्दीत मोठे यश आहे, तसेच एक मोठे दिवाळेही आहे. या दोन्हींचा संबंध मुंबई आणि पुण्यापर्यंत येतो.

सेमूर क्रे कोण होते?

सेमूर रॉजर क्रे यांचा जन्म २८ सप्टेंबर १९२५ रोजी अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील चिपेवा फॉल्स या छोट्या गावात झाला. वडील स्थापत्य अभियंता होते. मुलाची आवड ओळखून त्यांनी घराचे तळघर त्याच्या प्रयोगांसाठी मोकळे करून दिले. वयाच्या दहाव्या वर्षी क्रे यांनी खेळण्यातल्या सुट्या भागांपासून एक यंत्र बनवले होते. कागदी पट्टीवरची छिद्रे वाचून ते मोर्स संकेत तयार करत असे.

१९४३ मध्ये शाळा संपताच ते दुसऱ्या महायुद्धात सैन्यात दाखल झाले. युरोपात रेडिओ ऑपरेटर म्हणून आणि नंतर फिलिपिन्समध्ये जपानी संदेशांची उकल करणाऱ्या पथकात त्यांनी काम केले. परतल्यावर मिनेसोटा विद्यापीठातून विद्युत अभियांत्रिकीची पदवी आणि १९५१ मध्ये उपयोजित गणिताची पदव्युत्तर पदवी घेतली.

त्याआधीच, १९५० मध्ये, सेंट पॉल शहरातील इंजिनीअरिंग रिसर्च असोसिएट्स या कंपनीत त्यांना नोकरी लागली होती. ही कंपनी ग्लायडर बनवण्याच्या जुन्या कारखान्यात होती आणि प्रामुख्याने अमेरिकी नौदलासाठी काम करत होती. संगणक या विषयावर तेव्हा फारशी पुस्तके नव्हती. ग्राहकाची गरज समजून घ्यायची आणि त्यासाठी यंत्र बांधायचे, हेच तिथले शिक्षण होते. पुढे ही कंपनी आधी रेमिंग्टन रँडने आणि मग स्पेरीने आपल्या पोटात घेतली. मोठ्या कंपनीतील बैठका आणि अहवालांमध्ये क्रे यांचा जीव रमला नाही.

स्वस्त ट्रान्झिस्टरमधून वेगवान यंत्र कसे उभे राहिले?

१९५७ मध्ये विल्यम नॉरिस आणि काही सहकाऱ्यांनी स्पेरीतून बाहेर पडून कंट्रोल डेटा कॉर्पोरेशन म्हणजे सीडीसी ही कंपनी काढली. हातातले नौदलाचे काम मार्गी लावून क्रे लवकरच तिथे पोहोचले. कंपनीकडे पैसे कमी होते. त्यामुळे निर्वातनळ्यांऐवजी ट्रान्झिस्टर वापरून मोठा संगणक करायचा, पण ट्रान्झिस्टर स्वस्तातले घ्यायचे, असे त्यांनी ठरवले.

स्वस्त ट्रान्झिस्टरचा दर्जा एकसारखा नसतो. एक जलद चालतो, तर दुसरा मंद. यावर क्रे यांचा उपाय सर्किटच्या रचनेत होता. भागांमध्ये थोडाफार फरक असला तरी सर्किट बिनचूक चालावे, अशी मोकळीक त्यांनी आराखड्यातच ठेवली. आधी एक लहान चाचणी यंत्र बांधून ही कल्पना तपासली आणि मगच मोठ्या यंत्राला हात घातला. त्यातून तयार झालेला 'सीडीसी १६०४' हा संगणक जानेवारी १९६० मध्ये कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथील नौदलाच्या पदव्युत्तर संस्थेला देण्यात आला. ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या, व्यावसायिक यश मिळवणाऱ्या पहिल्या मोठ्या संगणकांमध्ये त्याची गणना होते.

सर्वात महागडा भाग घेतला की यंत्र आपोआप सर्वात वेगवान होते, असे नाही. आहे त्या भागांतून किती काम काढता येते, हे रचना ठरवते. क्रे यांच्या कारकीर्दीतला हा पहिला धडा.

'सीडीसी ६६००' इतका महत्त्वाचा का मानला जातो?

१६०४ यशस्वी झाल्यावर कंपनी मोठी झाली आणि पुन्हा बैठका वाढल्या. पाच वर्षांची योजना मागितल्यावर क्रे यांनी जगातील सर्वात मोठा संगणक बांधणे एवढीच योजना कळवली, आणि एका वर्षाच्या योजनेत त्याचा एक पंचमांश भाग पूर्ण करणे असे लिहिले, हा किस्सा संगणक क्षेत्रात आजही सांगितला जातो. अखेर १९६२ मध्ये त्यांची प्रयोगशाळा मुख्यालयापासून दूर, थेट त्यांच्या गावी म्हणजे चिपेवा फॉल्सला हलवण्यात आली.

तिथे अवघ्या ३४ जणांच्या चमूने 'सीडीसी ६६००' तयार केला. जेम्स थॉर्नटन हे या कामातले त्यांचे प्रमुख सहकारी. १९६४ मध्ये आलेले हे यंत्र त्याआधीच्या सर्वात वेगवान संगणकापेक्षा, म्हणजे आयबीएमच्या 'स्ट्रेच'पेक्षा, सुमारे तिप्पट वेगवान होते. महासंगणक हा शब्द ज्या यंत्राला पहिल्यांदा खऱ्या अर्थाने लागू पडला ते यंत्र म्हणून त्याचा उल्लेख होतो.

हा वेग तीन गोष्टींमुळे आला. पहिली म्हणजे सिलिकॉनचे नवे, वेगवान ट्रान्झिस्टर. दुसरी म्हणजे कामाची वाटणी. मुख्य प्रोसेसरने फक्त आकडेमोड करायची. कार्ड वाचणे, छपाई, टेप हाताळणे ही वरकामे दहा छोट्या प्रोसेसरकडे सोपवलेली. हॉटेलातल्या मुख्य आचाऱ्याने भाजी चिरत बसू नये, तसे हे गणित होते. खुद्द मुख्य प्रोसेसरमध्येही बेरीज, गुणाकार, भागाकार यांसाठी दहा वेगवेगळी एकके होती आणि शक्य असेल तेव्हा ती एकाच वेळी चालत.

तिसरी गोष्ट थंडाव्याची. वेगासाठी भाग एकमेकांना चिकटवून बसवले की उष्णता वाढते आणि पंख्याची हवा पुरत नाही. क्रे यांनी डीन राऊश या शीतकरणातील अभियंत्याला सोबत घेतले. फ्रिजमध्ये वापरला जाणारा फ्रीऑन वायू नळ्यांमधून यंत्रात खेळवण्यात आला.

या यंत्राची बातमी आली तेव्हा आयबीएमचे प्रमुख थॉमस वॉटसन ज्युनिअर यांनी ऑगस्ट १९६३ मध्ये आपल्या अधिकाऱ्यांना एक अंतर्गत टिपण पाठवले. हजारो कर्मचारी असलेल्या आयबीएमला सफाई कामगार धरून ३४ जणांच्या प्रयोगशाळेने मागे टाकले कसे, असा त्याचा आशय होता. त्यानंतर आयबीएमने आपल्या आगामी बड्या यंत्राची घोषणा केली आणि ६६००चे संभाव्य ग्राहक थांबून राहिले. यावरून सीडीसीने १९६८ मध्ये आयबीएमला न्यायालयात खेचले. १९७३ मध्ये हे प्रकरण तडजोडीने मिटले आणि त्यात सीडीसीच्या पदरात मोठा मोबदला पडला.

मग क्रे यांनी ही कंपनी का सोडली?

१९६९ मध्ये आलेला 'सीडीसी ७६००' आणखी वेगवान होता. त्यानंतर क्रे यांनी 'सीडीसी ८६००' हाती घेतला आणि इथे त्यांची गाडी अडली. चार प्रोसेसर एकत्र, भाग आणखी दाटीने बसवलेले, आणि तरीही सुटे ट्रान्झिस्टर. असंख्य जोडांपैकी एखादा निखळला तरी सगळे यंत्र बंद पडायचे. नव्याने सुरुवात करायला हवी, हे क्रे यांच्या लक्षात आले.

मात्र त्याच वेळी सीडीसीत थॉर्नटन यांचा 'स्टार-१००' हा दुसरा महासंगणकही तयार होत होता. कंपनीकडे दोन्हींसाठी पैसा नव्हता. क्रे यांनी १९७२ मध्ये राजीनामा दिला आणि चिपेवा फॉल्समध्येच क्रे रिसर्च ही स्वतःची कंपनी काढली. दोघांमध्ये कटुता आली नाही. नॉरिस यांच्या सीडीसीने नव्या कंपनीत काही भांडवलही गुंतवले.

'क्रे-१' गोलाकार का होता?

'क्रे-१'चे छायाचित्र अनेकांनी पाहिलेले असते. इंग्रजी सी अक्षराच्या आकाराचा उंच मनोरा आणि भोवती गादी घातलेले बाक. शोभेची वस्तू वाटावी असे हे रूप, पण त्यामागचे कारण भौतिकशास्त्राचे होते.

प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटीमीटर जातो. तारेतला विद्युत संकेत त्याहूनही कमी अंतर कापतो. 'क्रे-१'चा प्रत्येक ठोका १२.५ नॅनोसेकंदांचा होता. म्हणजे तार लांब असेल, तर संकेत पोहोचेपर्यंत ठोका निघून जाणार. म्हणून यंत्र वर्तुळाकार करून सगळ्या तारा आतल्या बाजूला घेतल्या. त्यामुळे कोणतीही तार ४ फुटांपेक्षा लांब ठेवावी लागली नाही. या तारा कामगारांनी, त्यातही प्रामुख्याने चिपेवा फॉल्स परिसरातील महिलांनी, हाताने जोडल्या होत्या. प्रत्येक तारेची लांबी ठरलेली. एका यंत्रातल्या सगळ्या तारा एकापुढे एक ठेवल्या, तर अंतर १०० किलोमीटरच्या आसपास भरेल. भोवतालच्या बाकाखाली वीजपुरवठ्याची यंत्रणा होती.

सुट्या भागांच्या बाबतीत क्रे यांनी यावेळी सावध पवित्रा घेतला. इंटिग्रेटेड सर्किट म्हणजे चिप वापरल्या, पण मोजक्याच प्रकारच्या आणि भरवशाच्या. यंत्राचे वजन ५ टनांच्या आसपास होते आणि ते सुमारे ११५ किलोवॉट वीज ओढत असे. एवढी उष्णता बाहेर काढण्यासाठी पुन्हा फ्रीऑन वापरला. त्यातही अडचण आली. सुरुवातीला वंगणतेल मिसळलेला फ्रीऑन सांध्यांतून झिरपायचा, सर्किटवर तेलाचा थर बसायचा आणि शॉर्ट सर्किट व्हायचे. हे सांधे नीट करण्यात पहिले यंत्र काही महिने रखडले.

वेगाचे नेमके गुपित काय होते?

'क्रे-१'चा कमाल वेग सेकंदाला १६ कोटी गणिती क्रिया एवढा होता. त्यामागची कल्पना लग्नघरातल्या पोळ्यांच्या उदाहरणाने समजते. एकच बाई गोळा करणार, लाटणार, भाजणार आणि तूप लावणार असेल, तर पुढची पोळी सुरू व्हायला वेळ लागतो. चौघी ओळीने बसल्या आणि प्रत्येकीने एकच काम केले, तर पहिली पोळी त्याच वेळात होते, पण त्यानंतर दर काही सेकंदांनी एक पोळी बाहेर पडते. संगणकाच्या भाषेत याला पाइपलाइन म्हणतात.

क्रे यांनी यात भर घातली ती गोळे हाताशी ठेवण्याची. 'क्रे-१'मध्ये प्रोसेसरजवळच आठ व्हेक्टर रजिस्टर होते आणि प्रत्येकात ६४ आकडे मावत. एक आज्ञा दिली की ६४ आकड्यांच्या जोड्यांवर ओळीने बेरीज किंवा गुणाकार होत असे. दर वेळी दूरच्या मेमरीकडे जाण्याची गरज राहिली नाही. 'स्टार-१००'ने आकडे थेट मेमरीतून आणण्याचा मार्ग धरला होता. आकड्यांची रांग फार लांब असेल तरच ते यंत्र वेग घेई. शिवाय एकेकट्या आकड्यांची साधी कामे ते संथपणे करत असे आणि प्रत्यक्षातल्या प्रोग्रॅममध्ये अशीच कामे भरपूर असतात. क्रे यांनी दोन्ही प्रकारच्या कामांचा वेग वाढवला. ग्राहकाची खरी कामे कशी असतात हे ओळखल्याचा हा परिणाम होता.

पहिल्या ग्राहकाकडे कोणती त्रुटी सापडली?

पहिला 'क्रे-१' १९७६ मध्ये न्यू मेक्सिकोतील लॉस अलामॉस राष्ट्रीय प्रयोगशाळेत सहा महिन्यांच्या चाचणीसाठी ठेवण्यात आला. इथे क्रे यांच्या एका जुन्या आग्रहाची परीक्षा झाली.

मेमरीत साठवलेला एखादा बिट आपोआप उलटू शकतो. शून्याचा एक होतो किंवा एकाचा शून्य. अशी चूक पकडण्यासाठी जादा बिट ठेवावे लागतात आणि त्याने यंत्र थोडे मंदावते. वेगापुढे क्रे यांना ही तडजोड नकोशी वाटत असे. ६६००च्या मुख्य मेमरीत ती सोय नव्हती. 'क्रे-१'च्या पहिल्या यंत्रात चूक पकडण्याची व्यवस्था होती, पण दुरुस्त करण्याची नव्हती. लॉस अलामॉसमध्ये सहा महिन्यांत मेमरीच्या दीडशेच्या आसपास चुका नोंदल्या गेल्या. ही प्रयोगशाळा समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरहून अधिक उंचीवर आहे. अंतराळातून येणाऱ्या वैश्विक किरणांचा परिणाम अशा उंचीवर जास्त असतो आणि या चुकांमागे तेच कारण असल्याचे पुढील काळातील अभ्यासकांनी म्हटले.

ज्या ग्राहकाचे एकेक गणित कित्येक तास चालते, त्याला अशी चूक परवडत नाही. त्यामुळे पुढच्या यंत्रांत एका बिटची चूक स्वतःहून दुरुस्त करणारी मेमरी बसवण्यात आली. त्यासाठी जादा चिप लागल्या आणि वेगाची थोडी किंमतही मोजावी लागली. सर्व्हर आणि व्यावसायिक वर्कस्टेशनसाठी आज ईसीसी नावाने जी महागडी मेमरी सुचवली जाते, ती याच कारणासाठी.

क्रे यांचे ग्राहक कोण होते?

पैसे मोजून 'क्रे-१' घेणारा पहिला ग्राहक अमेरिकेचे राष्ट्रीय वातावरण संशोधन केंद्र हे होते. कोलोरॅडोतील बोल्डर येथील या केंद्राने १९७७ मध्ये डिस्कसह यंत्रासाठी सुमारे ८८ लाख ६० हजार डॉलर मोजले. मध्यम पल्ल्याचे हवामान अंदाज देणाऱ्या युरोपीय केंद्रानेही 'क्रे-१' घेतला. अशी डझनभर यंत्रे विकली गेली तरी भरपूर, असे सुरुवातीला मानले जात होते. प्रत्यक्षात ८०हून अधिक विकली गेली.

१९८०च्या दशकात तेल कंपन्या आणि मोटार उत्पादकही क्रे रिसर्चकडे वळले. १९८२ मध्ये स्टीव्ह चेन यांनी रचलेल्या 'क्रे एक्स-एमपी'ने व्यवसाय आणखी वाढवला. १९८४च्या 'द लास्ट स्टारफायटर' या चित्रपटातील अवकाशयानांची दृश्ये याच यंत्रावर तयार झाली. १९८६ मध्ये अ‍ॅपलने डिझाइनच्या कामासाठी 'एक्स-एमपी' विकत घेतला, तेव्हा आपण नव्या क्रेच्या डिझाइनसाठी अ‍ॅपलचा संगणक वापरत असल्याचे सेमूर क्रे यांनी कळवले, असा किस्सा आहे.

कंपनी वाढली तसे क्रे पुन्हा कारभारापासून दूर झाले. १९८० मध्ये त्यांनी कंपनीचे प्रमुखपद सोडले. जॉन रॉलवॅगन यांनी सूत्रे घेतली आणि क्रे कंपनीसाठी स्वतंत्र कंत्राटदार म्हणून डिझाइन करू लागले. मुलाखती त्यांनी कायम टाळल्या. घराखाली भुयार खणणे हा त्यांचा छंद होता. एखादा प्रश्न सुटेनासा झाला की ते खणायला जात, असे सहकारी सांगत.

संगणक द्रवात बुडवण्याची कल्पना कुठून आली?

१९८५ मध्ये 'क्रे-२' आला. त्याचे चार प्रोसेसर मिळून कमाल वेग सेकंदाला सुमारे १९० कोटी क्रियांचा होता. भाग आता इतके दाट होते की नळ्यांतून खेळणारा फ्रीऑनही पुरेना. उपाय म्हणून सर्किटच थेट फ्लोरिनर्ट या द्रवात बुडवण्यात आले. या द्रवातून वीज वाहत नाही, त्यामुळे शॉर्ट सर्किटचा धोका नसतो. पारदर्शक टाक्यांत बुडबुड्यांसह खेळणारा हा द्रव पाहून या यंत्राला 'बबल्स' असे टोपणनाव पडले. एआयच्या सर्व्हरसाठी द्रवात बुडवून थंड करण्याची जी चर्चा सध्या सुरू आहे, तिचे हे आधीचे रूप.

एवढे यश मिळूनही दिवाळे का निघाले?

'क्रे-३'साठी सेमूर क्रे यांनी सिलिकॉनऐवजी गॅलियम आर्सेनाइडच्या चिप निवडल्या. या पदार्थात संकेत अधिक वेगाने जातात, पण तो ठिसूळ आणि हाताळायला अवघड. 'क्रे-१'च्या वेळची सावधगिरी इथे नव्हती. चिप, जोडणी आणि जोडणी करणारी यंत्रे असे सगळेच नव्याने घडवावे लागले आणि काम लांबत गेले.

१९८९ मध्ये इतिहास पुन्हा घडला. क्रे रिसर्चमध्ये दुसरा महासंगणकही तयार होत होता आणि दोन्हींसाठी पैसा नव्हता. 'क्रे-३' वेगळा काढून कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे क्रे कॉम्प्युटर कॉर्पोरेशन ही नवी कंपनी झाली. डिसेंबर १९९१ मध्ये लिव्हरमोर प्रयोगशाळेने आपली ऑर्डर रद्द केली. शीतयुद्ध संपले होते आणि शस्त्र प्रयोगशाळांचे हात आखडले होते. १९९३ मध्ये एकच 'क्रे-३' बोल्डरच्या वातावरण संशोधन केंद्रात बसवला गेला, तोही विकत नव्हे. मार्च १९९५ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली.

कारण फक्त पैशांचे नव्हते. स्वस्त मायक्रोप्रोसेसर दरवर्षी वेगवान होत होते आणि असे शेकडो प्रोसेसर एकत्र जोडणारी यंत्रे पुढे येत होती. क्रे यांचा अशा यंत्रांवर विश्वास नव्हता. नांगराला हजार कोंबड्या जुंपण्यापेक्षा दोन तगडे बैल बरे, या अर्थाची त्यांची भूमिका प्रसिद्ध आहे. त्या काळच्या सॉफ्टवेअरकडे पाहता ती चुकीची नव्हती, कारण हजार प्रोसेसरना काम वाटून देणे खरोखरच कठीण होते. पण किमतीतला फरक एवढा झाला, की ते कठीण काम शिकून घेणे ग्राहकांना परवडू लागले.

भारत आणि महाराष्ट्राशी संबंध काय?

क्रे यांच्या कामाची पहिली पावले भारतात उमटली ती मुंबईत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये 'सीडीसी ३६००' हा संगणक '१६०-ए' या छोट्या यंत्रासह बसवण्यात आला. '३६००' हा क्रे यांच्या '१६०४'चा पुढचा अवतार, तर '१६०-ए'चे मूळ डिझाइन त्यांचेच. देशभरातील संशोधक आपली गणिते घेऊन कुलाब्याला येत असत.

१९८०च्या दशकात भारताने हवामान अंदाजासाठी क्रेचा महासंगणक मागितला. अण्वस्त्रांच्या कामासाठी वापर होईल या शंकेने अमेरिकेने परवान्याबाबत बरीच घासाघीस केली. अखेर मागणीपेक्षा कमी क्षमतेचा, एकाच प्रोसेसरचा 'एक्स-एमपी १४' दिल्लीला मिळाला. याच अनुभवातून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. क्रे यांना नापसंत असलेलीच वाट सी-डॅकने धरली होती. बाजारात मिळणारे छोटे प्रोसेसर मोठ्या संख्येने जोडून वेग मिळवायचा.

त्यानंतरचे वर्तुळही पुण्यातच पूर्ण झाले. जानेवारी २०१८ मध्ये पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत 'प्रत्युष' हा महासंगणक सुरू झाला. मान्सूनच्या अंदाजासाठीचे ४ पेटाफ्लॉप क्षमतेचे हे यंत्र 'क्रे एक्ससी-४०' मालिकेतील होते, म्हणजे क्रे हेच नाव, आणि आत मात्र हजारो प्रोसेसर.

क्रे यांचा शेवट कसा झाला? मागे काय उरले?

दिवाळखोरीनंतर सत्तरीत असलेल्या क्रे यांनी ऑगस्ट १९९६ मध्ये आणखी एक कंपनी काढली. यावेळी अनेक प्रोसेसर एकत्र जोडण्याच्या दिशेने जाण्याची त्यांची तयारी होती. मात्र २२ सप्टेंबर १९९६ रोजी कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे महामार्गावर त्यांच्या जीपला अपघात झाला. उपचार सुरू असताना ५ ऑक्टोबर रोजी, वयाच्या ७१व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी मूळ क्रे रिसर्च कंपनी सिलिकॉन ग्राफिक्सने विकत घेतली होती. त्यानंतर क्रे हे नाव अनेक हातांतून फिरले आणि २०१९ पासून ते हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइझकडे आहे. सेकंदाला एकावर अठरा शून्ये इतक्या क्रियांचा टप्पा २०२२ मध्ये ओलांडणारा अमेरिकेचा 'फ्रंटियर' महासंगणकही क्रे नावाच्याच मालिकेतला.

हातातल्या साध्या स्मार्टफोनची चिप आज 'क्रे-१'पेक्षा शेकडो पटींनी वेगवान आहे. त्यामुळे क्रे यांच्या यंत्रांचे आकडे आता जुने झाले, पण त्यांना भिडलेले प्रश्न तसेच आहेत. फोनमधली पाइपलाइन, ग्राफिक्स कार्डमधली व्हेक्टर पद्धतीची आकडेमोड, मेमरी प्रोसेसरला चिकटवून बसवण्याची धडपड आणि उष्णतेशी चाललेली झुंज, हे सारे त्याच वाटेवरचे आहे.

खास कामासाठी संगणक बांधून घेणाऱ्या कंपनीला या चरित्रातून दोन गोष्टी घेता येतात. एक म्हणजे, जाहिरातीतला कमाल वेग पाहण्यापेक्षा आपली रोजची कामे त्या यंत्रावर चालवून पाहणे. 'क्रे-१' याच कसोटीवर 'स्टार-१००'च्या पुढे गेला आणि लॉस अलामॉसला मेमरीतील त्रुटीही प्रत्यक्ष वापरातूनच कळली. दुसरी गोष्ट म्हणजे, एकाच वेळी सगळेच भाग नवे आणि न तपासलेले घेण्याचा मोह टाळणे. 'क्रे-१' आणि 'क्रे-३' ही दोन्ही यंत्रे एकाच माणसाने रचली होती. पहिल्यात चिप भरवशाच्या आणि रचना नवी होती. दुसऱ्यात सगळेच नवे होते आणि ते ग्राहकापर्यंत पोहोचेपर्यंत बाजार पुढे निघून गेला होता.